एका जागी न ठरणारी आपली मुलं : तुमचे अनुभव सांगा

डिचोली, आई
माझा मुलगा सात वर्षांचा. त्याला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता, आहे हे बांबोळीला आयपीएचबी या मानसोपचार रुग्णालयात दाखवल्यावर कळलं. उपचार डॉक्टर सांगतातच. मला ऐकायचंय ते घरातलं आणि मैदानावरचं. सुरुवात मी करते.

तो फुटबॉल खेळतो. त्याचं अडतं ते रांगेत. दहा-बारा मुलांमागे उभं राहून आपली पाळी येईपर्यंत त्याचं लक्ष उडणाऱ्या चतुरांच्या मागे गेलेलं असतं. आमच्या सरांनी रांगाच मोडल्या. चौघांचे छोटे संघ, छोटं मैदान, त्यामुळे चेंडू सारखा पायाशी येतो. सूचना एका वेळी एकच, तीही आधी नावाने हाक मारून, नजर मिळाल्यावर. शक्यतो बोलून नाही, करून दाखवतात. सामन्यात त्याला बचावफळीत ठेवत नाहीत, कारण चेंडू पलीकडे असला की तो खेळातून बाहेर जातो. मधल्या फळीत तो धावत राहतो आणि टिकतो. सरावाआधी मैदानावर खुणेचे प्लास्टिकचे कोन मांडायचं काम त्याचं. ते तो कुणालाही देत नाही.

फोंडा, आजोबा
नातू जेवताना, अभ्यासाला बसला की सतत बोटं वाजवायचा. गणेशचवथीच्या आरतीला मी त्याच्या हाती घुमट, आपलं मातीचं तालवाद्य, दिलं. सगळ्या आरत्या संपेपर्यंत पोर हललं नाही! आता रोज अभ्यासाआधी थोडा वेळ वाजवतो. आणि नातेवाईकांना माझं कळकळीचं सांगणं, एडीएचडी लाडाने होत नाही, गोड खाऊनही होत नाही. पोराच्या आईला बोल लावू नका.

वाळपई, शिक्षिका
मुलींकडे बघा. वर्गात दंगा नाही, तक्रार नाही, फक्त खिडकीबाहेर नजर आणि अर्धवट वह्या. अशा मुलींचं निदान फार उशिरा होतं, याचं मला खरंच वाईट वाटतं. माझ्या वर्गातल्या एकीला मी पुढे, भिंतीच्या बाजूला बसवते. गणितं पाचपाच करून देते, मधे वह्या दुसऱ्या वर्गात पोचवायला पाठवते. परत येते ती ताजी होऊन.

म्हापसा, बाबा
पोहण्याने आमच्या मुलीला झोप नीट लागू लागली. मात्र ही मुलं विचाराआधी उडी मारतात. तळी असो, नदी असो, समुद्र असो, हाताच्या अंतरावर राहा. लाल बावटा दिसला तर पाण्याकडे नेऊच नका.

पेडणे, आई
आमच्याकडे मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीचं औषध चालू आहे. त्याने दुपारची भूक मरते, म्हणून गोळीआधी पोटभर न्याहारी, आणि रात्री खेळून आल्यावर पुन्हा शीतकडी, म्हणजे भात-कालवण. मोठ्या स्पर्धांत हे औषध उत्तेजक म्हणून निषिद्ध आहे, पण वैद्यकीय परवानगी घेता येते. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिने २०१६ मध्ये आपल्याला एडीएचडी असल्याचं उघड सांगितलं, तिचं औषधही अशाच परवानगीने चालू होतं. माझ्या मुलाला मी हे सांगितलं आहे.

डिचोली, आई
फोंड्याच्या आजोबा, घुमट लहान मुलाच्या हाताला जड होत नाही का? कुठल्या मापाचं घेतलंत?

फोंडा, आजोबा
लहान मातीचं मिळतं, बाय. पट्टा गळ्यात घालून दे, आधी बसूनच वाजवू दे.