मंगळागौर स्पर्धेच्या संघात नवी प्रमुख कशी तयार करायची?

प्रश्न – झिम्मावाली

आमचा चौदा जणींचा संघ आहे, वयं २४ ते ५८. आतापर्यंत खेळ बसवणं, इशारे देणं, फॉर्म भरणं, साड्या ठरवणं सगळं एकच ताई करत आल्या. गुडघ्यांमुळे यंदा त्या रिंगणात उतरणार नाहीत, बाहेर बसून मदत करतील. पुढची प्रमुख निवडायची आहे. फुगडी सर्वांत चांगली घालणारी मुलगी २७ वर्षांची आहे, सगळ्यांचं बोट तिच्याकडेच जातं. पण ती पन्नाशीतल्या काकूंना चूक कशी दाखवणार? स्पर्धेत वेळ ८ मिनिटं, खेळ नऊ, गाणी आम्हीच म्हणतो, सोबत ढोलकी. तयारी कुठून सुरू करावी?

उत्तर १ – दोडका_किस

फुगडी उत्तम घालते म्हणून तिला प्रमुख करू नका. ती फुगडीतच हवी. गरगर फिरून थांबलेल्या बाईला पुढच्या खेळाचा इशारा देता येत नाही. तिला त्या क्षणी समोरची भिंतही नीट दिसत नसते. प्रमुख अशी निवडा जिला लय कळते, गाण्यांचे शेवट पाठ आहेत आणि खेळ बदलताना जिचे हात-पाय मोकळे असतात. ती मधल्या फळीतली नाचणारी असली तरी चालेल.

नऊ खेळ म्हणजे आठ बदल. प्रत्येक बदलाला ५ सेकंद गेले तर ४० सेकंद उडाले. एकूण वेळ ४८० सेकंदांची, त्यामुळे संघ मागे पडतो तो बहुतेक इथेच. खेळ सगळ्यांचेच बरे असतात हो, पण पिंग्यातून कोंबड्यात जाताना सहा जणी एकमेकींकडे बघत उभ्या राहतात. इशारा एकच ठेवा: शेवटची ओळ दुसऱ्यांदा आली की प्रमुख हात उंच करून एक टाळी देते आणि पुढच्या समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या ठोक्यावर, सगळ्या हलतात. तोंडी ओरडून इशारा देऊ नका. ढोलकीत तो विरतो, आणि माईकने पकडलाच तर फारच वाईट ऐकू येतो.

बस फुगडी आणि कोंबडा या दोन खेळांत प्रमुख स्वतः उकिडवी असते, धाप लागलेली असते. तिथे इशारा दुसरीने द्यायचा. ही दुसरी म्हणजेच तुमची पुढची प्रमुख. तिला शिकवायला वेगळा वर्ग लागत नाही, हे दोन खेळ तिच्या ताब्यात दिले की झालं.

उत्तर २ – तिसरी_ओळ

वरच्या उत्तराशी सहमत, पण कामं एकीकडेच ठेवण्याला माझा विरोध आहे. रिंगणातली प्रमुख वेगळी, गाणं उचलणारी वेगळी, आणि फॉर्म-वर्गणी-साड्या बघणारी वेगळी. तिन्ही कामं एकीकडे असली की ती बाई थकते, आणि ती गेली की संघ बसतो. ढोलकीवाल्याला आधीच सांगा की त्याने फक्त गाणं उचलणारीकडे बघायचं. तो दोघींकडे बघू लागला की झिम्म्यात लय चढते आणि शेवटी पाय टाळ्यांच्या मागे पडतात. नवी प्रमुख घाबरली की लय हमखास चढवते, म्हणून तालमीला मोबाइलवर मेट्रोनोम (एकाच वेगाने टिकटिक करणारं अॅप) लावून ठेवा.

वेळापत्रक असं करता येईल. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे श्रावण १३ ऑगस्टला लागतो. मंगळवार चारच: १८ आणि २५ ऑगस्ट, १ आणि ८ सप्टेंबर. पहिल्या मंगळवारच्या बारा आठवडे आधी, म्हणजे २६ मेला तालीम सुरू करा.

पहिले तीन आठवडे नवीने फक्त हजेरी आणि अंग मोकळं करण्याची १० मिनिटं घ्यावीत. त्यानिमित्ताने तिचा आवाज सगळ्यांच्या कानात बसतो. पुढचे तीन आठवडे दोन खेळ पूर्ण तिचे: बसवणं, थांबवणं, पुन्हा करून घेणं. सातव्यापासून सलग आठ मिनिटांची फेरी ती चालवेल. जुन्या ताई परीक्षक बसतील तिथे खुर्ची टाकून वही घेऊन बसतील आणि फेरी संपेपर्यंत तोंड उघडणार नाहीत. हे त्यांना फार जड जातं, पण मध्येच बोलल्या की सगळ्या माना त्यांच्याकडे वळतात आणि नवीचा इशारा वाया जातो. शेवटच्या तीन आठवड्यांत दर तीन तालमींपैकी एकीला ताईंनी यायचंच नाही.

आता काकूंना चूक दाखवण्याचं. सूचना बाईला द्यायची नाही, जागेला द्यायची. जमिनीवर चिकटपट्टीने १ ते १४ आकडे लावा. ‘काकू, तुमचं चुकतंय’ याऐवजी ‘तीन नंबर, अर्धं पाऊल आत’. एका फेरीनंतर जास्तीत जास्त तीन सूचना, त्याही मोजता येण्यासारख्या. ‘जरा उत्साहाने करा’ याने कुणाचंच काही सुधारत नाही. उरलेलं व्हिडिओ दाखवून होतं, स्वतःचा वाकलेला कोपर स्वतःला दिसला की वाद राहत नाही. आणि संघात सासू-सून असतील तर सुनेला सासूच्या जोडीची दुरुस्ती सांगायला लावू नका. खेळातलं सासू-सुनेचं भांडण पुरेसं आहे.

उत्तर ३ – नऊवारी

नव्या प्रमुखाला शिकवायची पहिली गोष्ट म्हणजे जोड्या लावणं. मैत्रिणी-मैत्रिणी म्हणून लावू नयेत. उभ्या फुगडीत दोघींच्या वजनात ८-१० किलोंपेक्षा जास्त फरक असला की हलकी ओढली जाते आणि जोडी जागेवरून सरकत जाते. दोघींचे चवडे जवळजवळ टेकलेले, हात कातरीसारखे, उजव्यात उजवा आणि डाव्यात डावा, कोपर ताठ, भार मागे. कोपर वाकला की भार खांद्यावर येतो आणि वेग मरतो. नजर जोडीदारणीच्या टिकलीवर ठेवायची, खोलीकडे पाहिलं की चक्कर येते. सोडताना आधी दोन फेरे हळू, मग हात. एकदम सोडलं की पडलंच समजा.

तालमीला काचेच्या बांगड्या नकोत. स्पर्धेला घालायच्या असतील तर मोजक्या आणि घट्ट, कारण मनगटावर सैल बांगडी फुटली की जोडीदारणीच्या तळव्यात जाते. हाताला क्रीम लावायचं नाही, रिंगणाच्या कडेला कोरडा रुमाल ठेवायचा. जोडव्यांवर कातडीच्या रंगाची पट्टी गुंडाळा, गालिच्यात अडकतात.

गालिच्यावरून आठवलं: मंच आदल्या दिवशी बघून या. जाड गालिच्यावर पाऊल फिरत नाही, गुडघा पिळवटतो. प्लायवूडचे पट्टे जोडलेले असतील तर सांधे कुठे आहेत ते बघून फुगड्यांच्या जागा हलवा.

शेवटच्या पाच तालमी तरी नऊवारीतच घ्या. कासोट्यामुळे पावलाचा पल्ला बदलतो. शिवलेली नऊवारी घालायला सोपी, पण बस फुगडीत मागची शिवण उसवते, कारण बैठकीत तिथे कापड सैल नसतं. शिवायला टाकताना उकिडवं बसून माप द्या. काठ घोट्याच्या दोन बोटं वर, पदर कमरेला खोचून आतून पिन.

आणि पंचेचाळिशीपुढच्या ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांना बस फुगडी आणि कोंबडा नकोच. त्यांना लाटणी, सूप, टाळ्यांचे खेळ द्या. ही वाटणी प्रमुखाने पहिल्याच दिवशी जाहीर करावी. नंतर काढून घेतलं की मन दुखावतं.

झिम्मावाली

खूप उपयोगी. एक राहिलं: ऐन दिवशी एखादी आलीच नाही तर? तेरा जणींत फुगडीच्या जोड्या कशा लावायच्या?

दोडका_किस

नियमात कमीत कमी किती जणी लागतात ते फॉर्म भरतानाच विचारा, म्हणजे तेरा चालतात का ते कळेल. चालत असतील तर पाच जोड्या आणि मागे मध्यभागी तिघींची फुगडी. ती दोघींच्या फुगडीपेक्षा हळू फिरते, म्हणून तिला दोन फेरे आधी थांबायचा इशारा लागतो. ही रचना जुलैत एकदा मुद्दाम करून बघा, कुणालाही न सांगता एकीला बाहेर बसवून. आणि जागा कुणी बदलायच्या हे त्या वेळी नवीला ठरवू द्या.