अजिंक्यताऱ्याची घाणेरी : कोयता की कीटक?

धागाकर्ता, सातारा :
आम्ही काही जण गेली तीन वर्षे अजिंक्यताऱ्याच्या उतारावरची घाणेरी कोयत्याने तोडत आहोत आणि दसऱ्यापर्यंत त्याच बुंध्यांना कमरेएवढे धुमारे फुटलेले असतात. घाणेरी खाणारे कीटक सोडण्याचा विचार आता व्हायला हवा, असे माझे मत आहे. १९२६ मध्ये श्रीलंकेतून आणलेल्या कोचिनील किड्याने दक्षिण भारतातला फड्या निवडुंग आटोक्यात आणला होता. गाजर गवतासाठी मेक्सिकोहून आणलेले भुंगेरे १९८४ मध्ये बंगळुरात सोडले गेले, आणि पावसाळ्यात त्या गवताच्या पानांची चाळणी करणारे ते पट्टेवाले भुंगेरे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील.

कोयनाकाठ, पाटण :
निवडुंगाचा दाखला इथे लागू पडत नाही. घाणेरी ही बागांसाठी संकर करून तयार केलेल्या अनेक वाणांची खिचडी असल्याने एका वाणावर ताव मारणारा किडा शेजारच्या वाणाला फारसा शिवत नाही. शिवाय किडे सोडून झालेलेच आहेत. फळांतले बी खाणारी माशी १९२१ मध्ये हवाईहून आली, तरी बुलबुल आजही काळी फळे खाऊन बी पसरवत आहेत. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातून डेहराडूनला आणलेला जाळीदार पंखांचा ढेकूण सागाच्या फुलांवरही जातो, हे चाचणीत दिसल्यावर प्रयोग थांबवला गेला. किडा मात्र तोवर निसटला होता. त्यापेक्षा बुंधा तोडण्याऐवजी जमिनीखाली दोन बोटांवर सोटमूळ कापावे आणि झुडूप उलटे करून ठेवावे, म्हणजे धुमारे फुटणार नाहीत.

द्राक्षबागायतदार, तासगाव :
परदेशी किडा म्हटला की घाबरायचे, हे मला मान्य नाही. बागेत पिठ्या ढेकणावर आम्ही सोडतो तो क्रिप्टोलीमस भुंगेरा मूळचा ऑस्ट्रेलियाचा असून १८९८ पासून भारतात आहे. (तो कोचिनीलही खातो, म्हणजे आमचा मित्र निवडुंगाचाही मित्रच झाला!) परंतु गाजर गवताचा भुंगेरा सूर्यफुलावर दिसल्याची ओरड झाली, तेव्हा शेतकऱ्यांची झोप उडाली होती. म्हणून आधी आपल्या पिकांवर आणि रानातल्या झाडांवर बंदिस्त चाचणी व्हावी, मगच सोडण्याची भाषा करावी.

धागाकर्ता, सातारा :
चाचणीची अट मान्य आहे. मुळाचा उपायही सपाटीवर नक्की करून पाहू; पण जिथे कुदळ मारायला पाय ठरत नाही, त्या कड्याखालच्या घाणेरीचे काय करायचे, ते कोयनाकाठ यांनी सांगावे.