दहा हजारात आबांसाठी फोन: रेडमी ए४ ५जी घ्यावा की सॅमसंग एफ०६ ५जी?

केळीबाग_रावेर:

नमस्कार मंडळी. मी रावेर तालुक्यातला, नोकरीमुळे सध्या पुण्यात. गावाकडे आबांचा फोन आता पार गेलाय, बॅटरी दुपारपर्यंत पण टिकत नाही आणि स्क्रीनला मधोमध तडा आहे, तरी ते तसाच वापरताय कारण "चालू तं आहे ना" असं म्हणता. या पोळ्याला गावी जाईन तेव्हा नवीन घेऊनच जायचं ठरवलंय.

बजेट दहा हजार, फार तर चार-पाचशे इकडेतिकडे. बघून बघून दोनवर आलोय. एक रेडमी ए४ ५जी आणि दुसरा सॅमसंग गॅलेक्सी एफ०६ ५जी. दोघांची स्क्रीन एचडी प्लस, दोघांना ५० मेगापिक्सेल कॅमेरा, बॅटरी पण जवळपास सारखीच, मग फरक नेमका कशात हेच कळत नाहीये. यूट्यूबवाले तर दोन्हीला "बेस्ट" म्हणून मोकळे.

आबांचा वापर सांगतो. फोन येणं-जाणं भरपूर, व्हॉट्सॲपवर बऱ्हाणपूरचा केळीचा भाव रोज बघतात, व्यापाऱ्याला घडाचे फोटो पाठवतात, ई-पीक पाहणी (शेतातल्या पिकाची सरकारकडे मोबाईलवरून नोंद) स्वतः करतात (आधी मी सुट्टी काढून जायचो, आता त्यांना जमतं), आणि रात्री यूट्यूबवर कीर्तन. गेम वगैरे काही नाही. सिम एक जिओ आणि एक एअरटेल, एअरटेलचा नंबर जुना, सगळ्या व्यापाऱ्यांकडे तोच आहे आणि रिचार्ज पण त्याच्यावरच मोठा असतो. वय बासष्ट, चष्मा आहे, पण शेतात लावत नाहीत.

माझा कल रेडमीकडे, कारण स्क्रीन मोठी. सांगा काय करू.

रिपेअरवाला_चोपडा:

दादा, मी अकरा वर्षं मोबाईल दुरुस्तीचं काम करतो, म्हणून थोडं लांबवर लिहितो, वाचून घ्या.

सगळ्यात आधी सिमचं बघा, बाकी सगळं नंतर. रेडमी ए४ ५जी मधे ५जी फक्त एसए प्रकारचं चालतं, म्हणजे स्टँडअलोन. जिओचं ५जी त्याच प्रकारचं आहे म्हणून जिओवर चालेल. एअरटेलने मोबाईलसाठी ५जी मुख्यतः एनएसए प्रकारात टाकलंय, म्हणजे जुन्या ४जीच्या आधारावर, आणि ते या फोनला घेता येत नाही. हे मी मनाचं सांगत नाही, फोन नोव्हेंबर २०२४ मधे आला तेव्हा कंपनीनेच स्पष्ट केलं होतं. एअरटेलचं सिम बंद पडणार नाही, कॉल अन ४जी व्यवस्थित चालेल, पण ज्या नंबरवर तुम्ही मोठा रिचार्ज मारता त्याच्यावर ५जी येणार नाही. एफ०६ मधे बारा ५जी बँड, म्हणजे लहरींचे पट्टे दिलेत, दोन्ही सिमवर चालेल.

आता बाकीचं. रेडमीची स्क्रीन ६.८८ इंच अन १२० हर्ट्झ, सॅमसंगची ६.७. मोठी आहे हे खरं, पण शेतात उन्हात फोन बघायचा तर साईजपेक्षा उजेड महत्त्वाचा. रेडमीची जास्तीत जास्त ब्राइटनेस ६०० निट्स, एफ०६ ची ८००. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात बांधावर उभं राहून स्क्रीन वाचायची म्हणजे हा फरक कळतो, आणि आबा चष्मा लावत नाहीत म्हणताय मग तर नक्कीच कळेल. चिप रेडमीत स्नॅपड्रॅगन ४एस जेन २, सॅमसंगमधे डायमेन्सिटी ६३००. आबांच्या वापराला दोन्ही पुरेशा आहेत, त्याच्यात अडकू नका.

अपडेटचं मात्र बघा. एफ०६ अँड्रॉइड १५ वर आला आणि चार पिढ्यांचे अपडेट द्यायचं कंपनीने सांगितलंय, सिक्युरिटी पण चार वर्षं. रेडमी अँड्रॉइड १४ वर आला, दोन मोठे अपडेट अन चार वर्षं सिक्युरिटी. माझ्याकडे रोज दोन-चार म्हातारी माणसं येतात, "बँकेचं ॲप चालत नाही" म्हणून, फोन चांगला असतो हो, बॅटरी चांगली, स्क्रीन चांगली, फक्त अँड्रॉइड जुनं झालेलं असतं आणि ॲप टाकू देत नाही. त्यांना नवीन फोन घ्या म्हणायला मला जीवावर येतं. तुमचे आबा एक फोन पाच वर्षं वापरणारे दिसताय, मग हाच मुद्दा मोठा धरा.

आणि ६४ जीबीवाला रेडमी घेऊ नका, लाँचला तो ८,४९९ ला होता अन १२८ वाला ९,४९९ ला. हजार रुपये वाचवायच्या नादात वर्षभरात व्हॉट्सॲपच्या गुड मॉर्निंगच्या फोटोंनीच भरून जातो. डब्यावर ८ जीबी रॅम लिहिलेलं दिसेल तेही समजून घ्या, खरी ४ जीबी आहे, बाकीची ४ स्टोरेजमधून उसनी घेतलेली. ती खऱ्या रॅमसारखी पळत नाही.

यावलकर_भो:

दादा, मन्हा बी हाऊच सवाल व्हता, बरं झालं विचारलं. माझ्याकडे दोन्ही सिम जिओ आहेत, म्हणजे माझ्यासाठी रेडमी चालेल ना मग? घरी १.५ जीबी रोजचा प्लॅन आहे.

रिपेअरवाला_चोपडा:

चालेल भाऊ, जिओवर काही अडचण नाही. फक्त जुलै २०२४ मधे रिचार्ज महागले तेव्हापासून अनलिमिटेड ५जी हे मुख्यतः रोज २ जीबी किंवा वरच्या प्लॅनवर मिळतं. नुसत्या १.५ जीबीच्या प्लॅनवर ५जी फोन घेतला तरी तुम्हाला मोकळा डेटा मिळणार नाही. रिचार्ज तोच ठेवायचा असेल तर ५जी साठी जास्त पैसे घालू नका, तेवढ्या पैशात जास्त स्टोरेजवाला फोन बघा.

धुळ्याची_मंजिरी:

केळीबाग दादा, मी एक गोष्ट सांगते जी कुणी लिहिली नाही अजून. डब्यात काय आहे ते बघा. रेडमी ए४ च्या डब्यात ३३ वॅटचा चार्जर मिळतो, फोन १८ वॅटनेच चार्ज होतो ती गोष्ट वेगळी, पण चार्जर तरी मिळतो. एफ०६ च्या डब्यात चार्जर नाहीये. फोन २५ वॅट घेतो पण तेवढा वेग हवा असेल तर पीपीएस (वेगात चार्ज करायचा एक प्रकार) लिहिलेला चार्जर वेगळा घ्यावा लागतो, आणि चांगला कंपनीचा घ्यायचा म्हटलं तर तुमचं दहा हजाराचं बजेट तिथेच ओलांडलं. घरचा जुना अडॅप्टर चालतो, हळू होतो एवढंच, पण डब्यातली केबल त्याला बसते का ते आधी बघून घ्या, नाहीतर आबा गावी अन तुम्ही पुण्यात अन फोन चार्जच होत नाही असं व्हायचं.

आणि रिपेअरवाले भाऊंनी सिमचं सांगितलं ते अगदी खरं. मागच्या वर्षी आईसाठी एक ५जी फोन घेतला, दुकानदाराला दहा वेळा विचारलं की एअरटेलवर ५जी येईल ना, तो म्हणे सगळ्यावर येतं ताई, आणि घरी आल्यावर ५जी चं चिन्ह आलंच नाही. परत गेले तर "सेटिंग करा" म्हणून चार दिवस फिरवलं. आईला काही फरक पडला नाही, तिचं ४जी वर छान चाललंय, पण मी पैसे ५जी चे मोजले होते ना, आणि मुख्य म्हणजे मी विचारलं होतं. त्याचंच वाईट वाटतं.

धडगाव_गुरुजी:

मी नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यात शिकवतो. आमच्या पाड्यावर ५जी सोडा, ४जी सुद्धा टेकडीवर चढल्यावर मिळतं. म्हणून माझं म्हणणं वेगळं आहे. आधी आबा दिवसभर जिथे असतात तिथे, म्हणजे घरात नाही तर मळ्यात, कुठल्या सिमला काय रेंज आहे ते बघा. शेजाऱ्याचा ५जी फोन असेल तर तो घेऊन विहिरीजवळ, पंपाजवळ उभं राहून बघा. मळ्यात ५जी येतच नसेल तर दोन्ही फोन तुमच्यासाठी ४जी फोनच आहेत, मग उजेड, अपडेट आणि चार्जर एवढ्यावरच ठरवा.

ई-पीक पाहणी साठी शेतात उभं राहूनच फोटो काढावा लागतो, त्यामुळे जीपीएस लवकर लागणारा फोन पाहिजे. फोटो काढायच्या आधी लोकेशन चालू करून दोन मिनिटं उघड्यावर थांबायचं, केळीच्या दाट बागेत आत जाऊन नाही तर बांधावर, मग जागा बरोबर येते. आमच्याकडे पालकांना मी हेच शिकवतो.

केळीबाग_रावेर:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं खोलात कुणी सांगेल वाटलं नव्हतं. गुरुजी, तुमचं ऐकून आज शेजारच्या काकांना फोन लावला, त्यांच्याकडे ५जी फोन आहे. ते मुद्दाम आमच्या मळ्यात जाऊन आले. जिओचं ५जी विहिरीपर्यंत येतंय, एअरटेलचं गावात येतं, मळ्यात ४जी वरच जातं. म्हणजे रात्री घरी कीर्तन बघताना एअरटेलचं ५जी उपयोगी, मळ्यात नाही.

मंजिरीताई, चार्जरचं डोक्यातच नव्हतं. माझ्याकडे पुण्यात एक पीपीएसवाला चार्जर पडून आहे, आधीच्या फोनचा. तो आबांना देईन अन केबल इथेच लावून बघेन.

एकच शंका, आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, फोन गरम होऊन बंद पडेल का? आबा फोन मोटरसायकलच्या टाकीवरच्या पाकिटात ठेवतात.

रिपेअरवाला_चोपडा:

त्या पाकिटात नका ठेवू देऊ, हात जोडून सांगतो. सॅमसंग स्वतः सांगते की फोन ० ते ३५ अंशात वापरावा. ४५ च्या उन्हात काळ्या रेक्झिनच्या पाकिटात आतलं तापमान किती जात असेल विचार करा. फोन लगेच मरत नाही, आधी चार्जिंग थांबवतो, स्क्रीन मंद करतो, मग बॅटरी हळूहळू फुगते. मे-जून मधे माझ्याकडे फुगलेल्या बॅटऱ्यांची रांग लागते, कुठल्याही कंपनीचा असो. खिशात ठेवा, मळ्यात असताना झोपडीत सावलीला ठेवा, आणि उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, दहा मिनिटं गार होऊ द्या.

आणि दुकानातून घेणार असाल तर पैसे द्यायच्या आधी *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर बघा, तो डब्यावरच्या नंबरशी जुळतो का ते पहा. मग इंग्रजी अक्षरात केवायएम लिहून जागा सोडून तो १५ आकडी नंबर १४४२२ वर मेसेज करा, फोन कुठला मॉडेल आहे, चोरीचा वगैरे म्हणून ब्लॉक आहे का ते कळतं. सरकारची सोय आहे, संचार साथीची. सीलबंद डबा असला तरी करा.

यावलकर_भो:

हे मेसेजचं मला माहीतच नव्हतं. माझ्या घरचा जुना फोन आत्ताच तपासला, मॉडेल बरोबर आलं.

केळीबाग_रावेर:

ठरलं मग, एफ०६, १२८ जीबीवाला. लाँचला ९,९९९ होता, आता काय चाललंय ते जळगावच्या गोलाणी मार्केटला दोन दुकानात विचारतो अन ऑनलाइनशी ताडतो. फरक दोन-तीनशेचा असेल तर जळगावलाच घेईन, आबांना फोन हातात घेऊन बघता येईल, उन्हात बाहेर नेऊन वाचता येतो का ते पण तिथेच बघू. पाकिटाचं त्यांना आज रात्रीच सांगतो. ऐकतील असं वाटत नाही, पण काकांना सांगितलंय लक्ष ठेवायला.

धुळ्याची_मंजिरी:

दादा, फोन दिल्यावर पहिल्याच दिवशी अक्षराचा साईज मोठा करून द्या आणि नको ती ॲप्स काढून त्यांच्या नोटिफिकेशन बंद करा. आईच्या फोनवर मी नंतर केलं, तोपर्यंत ती कुठल्याही जाहिरातीवर बोट लावून बसायची अन घाबरून मला फोन करायची. आणि व्यापाऱ्यांचे नंबर सिमवर सेव्ह आहेत की जुन्या फोनमधे ते आधी बघा, तो बंद पडायच्या आत.