शेंगेन व्हिसा: मुक्काम सारखाच, मग अर्ज कोणत्या देशाकडे?

आम्ही पाच मैत्रिणी शेंगेन व्हिसावर (युरोपातील अनेक देशांत चालणारा एकच व्हिसा) मे महिन्यात प्राग (चेक प्रजासत्ताक), व्हिएन्ना (ऑस्ट्रिया) आणि बुडापेस्ट (हंगेरी) येथे प्रत्येकी चार रात्री राहणार आहोत. सर्वांचे पासपोर्ट भारतीय असून अर्ज मुंबईतून करायचा आहे. मुक्काम समान असल्यास प्रथम प्रवेशाच्या देशाकडे अर्ज करावा, हा नियम वाचला आहे. परंतु आमचे विमान व्हिएन्नाला उतरते आणि आम्ही त्याच दुपारी रेल्वेने चार तासांवरच्या प्रागला जाऊन व्हिएन्नात नंतर परतणार आहोत. अर्ज केंद्रात दोनदा विचारले, तर दोन निराळी उत्तरे मिळाली. प्रागची एक रात्र वाढवण्याचा तोडगाही सुचला होता, पण हॉटेलांचे आगाऊ भरलेले पैसे परत मिळत नाहीत (स्वस्ताईच्या मोहाचे फळ!). अशा परिस्थितीत विमान उतरते म्हणून ऑस्ट्रियाकडे अर्ज करावा, की पहिली रात्र प्रागची म्हणून चेक प्रजासत्ताकाकडे?