तबला नाही, ढोलकी नाही. मग ब्लूग्रासमध्ये लय धरतं कोण?

ताशेवाला_चिपळूणकर

मंडळी, प्रश्न येडपट वाटला तर सांभाळून घ्या. मी मूळचा चिपळूणचा, दोन वर्षं झाली रॅलेला आहे, नॉर्थ कॅरोलायनात. ऑफिसातल्या एकीनं विचारलं, बँजो आवडतो का? मी छाती फुगवून सांगितलं, आमच्या काकांची बेंजो पार्टी होती, गणपतीत मी स्वतः ताशा बडवलाय. ती खूश. रविवारी घेऊन गेली एका बारच्या मागच्या अंगणात, ब्लूग्रास ऐकायला, म्हणजे बँजो-फिडलचं अमेरिकी लोकसंगीत.

बघतो तर बटणं नाहीत, अँप्लिफायर नाही, ट्रॉलीवर स्पीकर नाहीत. पाच माणसं गोल करून बसलेली: बँजो, मॅन्डोलिन, गिटार, फिडल म्हणजे आपलं व्हायोलिन, आणि माणसाएवढा उभा डबल बास. गाणारं कुणी नाही. आणि वेग असा, की मिरवणूक विसर्जनाच्या शेवटच्या वळणावर आल्यासारखा!

मला राहवेना. टेबलावर बोटांनी ठेका धरला. फिडलवाल्या आजोबांनी वाजवता वाजवताच माझ्याकडे बघून हसून मान हलवली. हो म्हणून नव्हे, नको म्हणून.

तर प्रश्न असा, की चामड्याचं वाद्य एकही नाही, तरी लय तसूभर हलत नाही. ती धरतं कोण? सम कुठे असते? आणि सगळे एकदम थांबतात ते कसे?

आठतारा

अरे वा, बऱ्याच दिवसांनी इथे कामाचा धागा आला. मी अकरा वर्षं व्हर्जिनियात होतो. तिथे मॅन्डोलिन शिकलो, वाईट वाजवतो, आता नाशिकला शेजाऱ्यांना छळतो.

आधी एक सांगतो. चामडं होतं तिथे. बँजोचं तोंड म्हणजे कड्यावर ताणलेली पुडीच, हल्ली प्लास्टिकची असते. ताशेवाल्याला दिसू नये म्हणजे कमाल आहे.

आता लय. बासवाला एक आणि तीनवर वाजवतो. मॅन्डोलिनवाला दोन आणि चारवर. त्या आघाताला 'चॉप' म्हणतात. सगळ्या तारांवर एक फटका मारायचा आणि त्याच क्षणी डाव्या हाताची बोटं किंचित सैल करायची, पट्टीवरून उचलायची नाहीत. सूर जन्मतो तोच मरतो, उरतो तो नुसता 'कट्'. बास 'धूम', मॅन्डोलिन 'कट्', धूम-कट्, धूम-कट्. तुझा ताशा तिथेच बसलाय, फक्त त्याला आठ तारा आहेत. तू टेबल वाजवलंस म्हणजे त्या माणसाच्या ताटात हात घातलास. आजोबा सभ्य म्हणून हसले.

हे वाजवणं बसवलं बिल मन्रोनं, केंटकीच्या रोझीन गावचा माणूस. त्याच्या ब्लू ग्रास बॉईज बँडवरूनच संगीताला नाव पडलं. १९४५च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्ज बँजो घेऊन त्याच्याकडे आला आणि सगळं पालटलं. अंगठा, तर्जनी, मध्यमा अशा तीनच बोटांत नख्या, आणि आठ सुरांचा एक फेरा. बोटं तीन आणि सूर आठ, म्हणून आघात पडतात ३-३-२ असे. सरळ लयीवर ते आडवं चालतं, आणि तुला मिरवणूक पळतेय असं वाटलं ते त्यामुळेच. पाचवी तार आखूड असते, तिची खुंटी दांड्याच्या मध्येच. ट्यून जी (G) या सुराच्या पट्टीत असली की ती चक्क वरचा सा धरते. सितारीची चिकारी म्हण.

समेसाठी बासचे ठोके मोज. बहुतेक फिडल ट्यून्सचे दोन भाग असतात, प्रत्येक भाग सोळा ठोक्यांचा. पहिला दोनदा, दुसरा दोनदा. सोळाची चार आवर्तनं झाली की एका वादकाची पाळी संपते आणि पुढच्याची सुरू. ज्याची पाळी नाही त्यानं आवाज खाली आणायचा. एकाच माइकवर वाजवतात तेव्हा तर ज्याची पाळी तो पुढे घुसतो, बाकीचे मागे सरकतात, कोपराला कोपर न लावता. मला सोलोपेक्षा ते सरकणंच बघायला आवडतं.

गिरगाव_बिल्डिंग_नं_३

काकांच्या बेंजोचा खुलासा मी करतो, नाहीतर घोळ कायम राहील. आपला बेंजो म्हणजे बुलबुल तरंग. टाइपरायटरसारखी बटणं, खाली तारा, मूळ जपानी ताइशोगोतोत. अमेरिकन बँजोचे पूर्वज मात्र गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी लोकांबरोबर तिकडे गेले. नातं नावापुरतंच.

बाकी मला विचाराल तर दहा मिनिटांनी सगळ्या ट्यून्स एकच वाटतात. क्षमस्व.

कोमल_रिषभ

@गिरगाव, मग राकेश चौरसियांच्या बासरीपासून सुरुवात करा. बेला फ्लेकचा बँजो, एडगर मायरचा बास, झाकीरभाईंचा तबला आणि बासरी, असा चौघांचा 'अॅज वी स्पीक' २०२३ला आला. पुढच्या वर्षी दोन ग्रॅमी मिळाले.

आठतारा

सुंदर आहे, पण ते ब्लूग्रास नाही. तबला आला की चॉप करणारा घरी जातो. आणि मग हा धागाच बंद करावा लागेल.

ताशेवाल्या, तू गिटारवाला लेस्टर फ्लॅट आणि स्क्रग्ज यांचं १९४९चं 'फॉगी माउंटन ब्रेकडाउन' ऐक. त्यात एका जागी बँजो ई मायनर कॉर्ड धरतो आणि फ्लॅटची गिटार बिनधास्त ई मेजर. ट्यून जी (G) पट्टीची, म्हणजे सा आणि कोमल रे एकदम! आपल्याकडे असं केलं तर गुरुजी उठून जातील. तिथे पंचाहत्तर वर्षं लोक तेच ऐकतायत. मग टोनी राइसची गिटार. मग मॅन्डोलिनवाल्या डेव्हिड ग्रिसमनच्या क्विंटेटचा १९७७चा पहिला अल्बम. त्यात बँजो अजिबात नाही, ढोल तर नाहीच, तरी मान डोलायची थांबत नाही.

थांबण्याचं राहिलं. ज्यानं ट्यून सुरू केली त्याच्या पायाकडे बघ. शेवटच्या फेऱ्यात तो एक पाय वर उचलतो. बस्स.

ताशेवाला_चिपळूणकर

आठतारा काका, काल जाऊन आलो. बासवाल्या बाईंच्या शेजारी खुर्ची टाकली, हात मांडीखाली दाबून ठेवले. सोळा बरोब्बर! फिडलवाल्या आजोबांचा पाय वर गेला तेव्हा मला आधी कळलं, मैत्रिणीला नंतर. आजोबांनी या वेळी हो म्हणून मान हलवली.

पण शेवटून दुसरी एक ट्यून आली, तिच्यात दुसऱ्या भागाला सोळा बसेनातच. तीनदा मोजलं. दर वेळी सतरा. माझं चुकलं का?

आठतारा

नाही. तसल्या ट्यूनला ते लोक 'क्रुकेड' म्हणतात, वाकडी. राल्फ स्टॅन्लीची 'क्लिंच माउंटन बॅकस्टेप' असणार, बँजोवाल्यांची लाडकी आहे. मीही चार महिने सोळाच मोजत होतो आणि बासवाल्याला दोष देत होतो.