स्वमदत केंद्राची सूत्रे शुभार्थींकडे असावीत की प्रशिक्षित व्यवस्थापकाकडे?

कोरांटी :

पुण्यात मानसिक आजार असलेल्या व्यक्तींनी, म्हणजे आपल्याकडे आता रूढ झालेल्या शब्दांत शुभार्थींनी, चालवलेले एक छोटे स्वमदत केंद्र आहे आणि मी त्याची सभासद आहे. भाड्याच्या तीन खोल्यांत सकाळी अकरा ते सायंकाळी सहा या वेळेत स्किझोफ्रेनिया, बायपोलर विकार किंवा दीर्घकाळचे नैराश्य असलेली माणसे येतात, गटात बोलतात, एकत्र स्वयंपाक करतात, आणि ज्याला नुसते बसायचे आहे तो बसून राहतो. व्यवस्थापन आजवर एका शुभार्थीकडेच राहिले आहे. मध्यंतरी आजार उलटल्यामुळे व्यवस्थापकांना काही आठवडे रजा घ्यावी लागली. त्या काळातला विस्कळीतपणा पाहून विश्वस्त मंडळाने ठराव मांडला आहे, की यापुढे या पदावर मानसोपचार क्षेत्रातील प्रशिक्षित व्यक्तीच नेमावी. या ठरावाला माझा विरोध आहे.

आधी व्यवस्थापकाचे काम काय, ते पाहू. केंद्र वेळेवर उघडणे, भाडे आणि वीजबिल भरणे, गट चालवणाऱ्यांच्या पाळ्या लावणे, दोघांत खटका उडाला तर तो मिटवणे, नव्याने आलेल्या माणसाशी पहिल्यांदा बोलणे, आणि कोणी फार अस्वस्थ झाला तर त्याने थांबावे, घरी जावे की त्याला दवाखान्यात न्यावे, हे ठरवणे. यांतल्या एकाही गोष्टीला उपचार म्हणता येत नाही. शेवटच्या दोन गोष्टी मात्र केंद्राचा स्वभाव ठरवतात. मोठ्याने स्वतःशी बोलत आत आलेल्या माणसाला पाहून ज्याला प्रथम नोंदवही आठवते आणि ज्याला प्रथम पाण्याचा पेला आठवतो, अशा दोघांची केंद्रे महिन्याभरात वेगळी दिसू लागतात.

दुसरा मुद्दा कायद्याचा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये ‘मानसिक आरोग्य आस्थापना’ म्हणून ज्यांची नोंदणी लागते, त्या रुग्णांना दाखल करून ठेवणाऱ्या संस्था आहेत. आमच्याकडे रात्री कोणी राहत नाही. त्यामुळे प्रशिक्षित प्रमुख नेमणे कायद्याने भागच आहे, हे ठरावातले विधान टिकत नाही. याच कायद्याच्या कलम ३ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की एखाद्याला मानसिक आजार आहे एवढ्यावरून, सक्षम न्यायालयाने तसे जाहीर केल्याशिवाय, त्याला मनोविकल मानता येणार नाही. मग एकदा आजार उलटला म्हणून हे पद कायमचे आमच्या आवाक्याबाहेर कसे काय जाते?

आजार पुन्हा उलटू शकतो, हे आम्हाला कोणी सांगायला नको. त्यावर माझा उपाय असा : व्यवस्थापक एक नसावा, दोन असावेत. पद स्वीकारतानाच प्रत्येकाने लिहून द्यावे की माझी झोप किती दिवस बिघडली, माझे बोलणे कसे बदलले, म्हणजे मला रजेवर पाठवावे आणि हे मला कोणी सांगावे. कायद्याने उपचारांबाबत आगाऊ निर्देश देण्याचा हक्क दिला आहे. तेच तत्त्व कामाला लावावे.

सह्यवासी :

मी मनोरुग्णालयातून निवृत्त झालेला मानसोपचार सामाजिक कार्यकर्ता आहे. कोरांटी यांच्या तळमळीविषयी आदर ठेवूनही मी ठरावाच्या बाजूने आहे.

कोणाला दवाखान्यात न्यायचे हे ठरवणे म्हणजे उपचार नव्हे, असे त्या म्हणतात. शब्दशः ते खरे असेल, पण त्या निर्णयावर कधीकधी जीव अवलंबून असतो. एक उदाहरण देतो. लिथियम हे बायपोलर विकारावरचे औषध घेणाऱ्या माणसाला उन्हाळ्यात जुलाब झाले, शरीरातले पाणी कमी झाले, त्यात अंगदुखीसाठी त्याने स्वतःच्या मनाने आयब्रुफेन घेतले, तर रक्तातील लिथियमची पातळी धोक्याच्या रेषेवर जाऊ शकते. हात जोरात थरथरतात, जीभ जड होते, चालताना तोल जातो. ही चिन्हे पाहून ‘आज त्याचा दिवस वाईट दिसतो, त्याला पडू द्या’ असे कोणी मायेने म्हटले, तर काय होईल?

गोळ्यांविषयीच्या बोलण्याचेही तसेच आहे. ‘मी औषधे बंद केली आणि आता उत्तम आहे’ हे वाक्य गटातल्या मित्राने उच्चारले तर तो एक अनुभव असतो. व्यवस्थापकाने उच्चारले तर ऐकणाऱ्याला ती संस्थेची भूमिका वाटते.

राहिला पुराव्याचा प्रश्न. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१८ साली इंग्लंडमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संकटकाळातून नुकत्याच बाहेर पडलेल्या ४४१ जणांच्या त्या अभ्यासात, ज्यांना स्वानुभवी, म्हणजे स्वतः मानसिक आजारातून गेलेल्या, कार्यकर्त्याची साथ मिळाली त्यांच्यापैकी २९ टक्क्यांना, आणि इतरांपैकी ३८ टक्क्यांना वर्षभरात पुन्हा तीव्र उपचारांसाठी दाखल व्हावे लागले. ही मोठी गोष्ट आहे आणि मी ती आनंदाने मान्य करतो. मात्र ते कार्यकर्ते प्रशिक्षण घेतलेले होते आणि त्यांच्यावर व्यावसायिकांची देखरेख होती. शुभार्थींनी साथ द्यावी, याचा हा पुरावा आहे. संस्था त्यांनीच चालवावी, हे त्यातून सिद्ध होत नाही. आपल्या पुण्यातच १९८६ पासून उभ्या असलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनातून बाहेर पडलेले कित्येक लोक समुपदेशक म्हणून काम करतात. त्या संस्थेचा पाया मात्र डॉ. अनिता अवचट यांच्यासारख्या मानसोपचारतज्ज्ञाने घातला, हे विसरता येणार नाही.

नदीकाठ :

मी गेली अनेक वर्षे लिथियम घेतो, म्हणून पहिल्या उदाहरणाला उत्तर देणे माझे कर्तव्य समजतो. हात कसा थरथरला म्हणजे नेहमीचा आणि कसा थरथरला म्हणजे रक्त तपासायला धावायचे, हे आमच्या गटात नव्याने आलेल्याला पहिल्याच महिन्यात सांगितले जाते. वेदनाशामक गोळ्यांची चर्चा तर प्रत्येक उन्हाळ्यात होते. ही माहिती माझ्यापर्यंत डॉक्टरांकडून आली हे खरे. पण ती अंगी मुरली ती गोळ्या घेणाऱ्यांच्या संगतीत. सह्यवासी यांनी प्रशिक्षणाचा आग्रह जरूर धरावा. ते प्रशिक्षण शुभार्थी व्यवस्थापकाला देता येणार नाही असे समजण्याचे कारण मला दिसत नाही.

दीपमाळ :

माझा मुलगा या केंद्रासारख्याच एका केंद्रात जातो. मी शुभंकर आहे, म्हणजे सांभाळणाऱ्यांपैकी. वरच्या चर्चेत आमचा उल्लेखही नाही याचे मला वाईट वाटले, कारण अशा संस्थांची सुरुवात बहुतेक वेळा घरच्यांनीच धडपड करून केलेली असते. पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनमागे डॉ. जगन्नाथ वाणी यांची प्रेरणा होती आणि ती त्यांच्या घरातल्या अनुभवातून आली होती.

माझे म्हणणे साधे आहे. व्यवस्थापक शुभार्थी असो वा प्रशिक्षित असो, केंद्र बंद राहता कामा नये. आमच्या इथे व्यवस्थापक आजारी पडले तेव्हा तीन दिवस कुलूप काढायला कोणी नव्हते आणि ते आम्हाला कळवलेही गेले नव्हते. ज्याचा दिवस त्या दाराभोवती बांधलेला आहे त्याच्यासाठी तीन दिवस ही थोडी गोष्ट नाही. झोपेचे, जेवणाचे, गोळ्यांचे सगळे वेळापत्रक कोसळते आणि ते सावरण्याचे काम घरी आम्ही करतो. शिवाय मुलगा तिथे जे बोलतो त्यातले काही धोक्याचे असेल, तर ते मला कळलेच पाहिजे. शुभार्थी व्यवस्थापक मैत्रीपोटी ते लपवतील अशी मला भीती वाटते.

कोरांटी :

दीपमाळताई, कुलपाबद्दल तुमचे म्हणणे मी पूर्णपणे मान्य करते. दोन व्यवस्थापक आणि तिसरी किल्ली, हा नियम लेखी स्वरूपात असलाच पाहिजे.

तुमच्या शेवटच्या मुद्द्याशी मात्र मी सहमत होऊ शकत नाही. गुप्ततेच्या बाबतीत कायदा सज्ञान माणसाच्या बाजूने उभा आहे आणि नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या बाबतीत आपल्या वतीने बोलणारी व्यक्ती, कोण असावा हेही तो माणूसच ठरवतो. तुमच्या मुलाने तुम्हालाच नेमले असेल, तर केंद्राकडे तशी नोंद असावी. नेमले नसेल, तर जिवाला धोका दिसेल तेव्हाच घरी कळवले जाईल, आणि शक्यतो त्याला सांगून. आमच्याकडे हा नियम दारातच लावलेला आहे. कोणी जीव देण्याविषयी बोलू लागले, तर त्याला एकटे सोडायचे नाही, घरच्यांना व डॉक्टरांना फोन करायचा, १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर सल्ला घ्यायचा आणि गरज पडली तर १०८ ची रुग्णवाहिका बोलवायची. आत येणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्याच दिवशी वाचून दाखवले जाते, त्यामुळे पुढे कोणाला फसवणूक झाल्यासारखे वाटत नाही.

जमाखर्च :

मी दोन-तीन सार्वजनिक न्यासांचे हिशेब पाहतो. संस्थेची घटना, म्हणजे नियमावली, कोणी उघडून पाहिली आहे का? नमुना मसुद्यावरून उतरवलेल्या अनेक घटनांमध्ये सभासद किंवा विश्वस्त ‘वेडा झाल्यास’ त्याचे पद रद्द होईल असे कलम असते. ते कलम शाबूत असेल, तर शुभार्थी व्यवस्थापक किंवा विश्वस्त यांना कोणीही, कधीही, एका अर्जावर अडचणीत आणू शकेल. ठरावावर भांडण्यापूर्वी घटनादुरुस्ती करून ती धर्मादाय आयुक्तांकडे मंजुरीसाठी पाठवा, आणि विश्वस्त बदलले असतील तर ९० दिवसांच्या आत बदल अर्जही दाखल करा.

पैशांच्या बाबतीत माझा आग्रह दोन सह्यांचा आहे. उन्मादाच्या, म्हणजे बायपोलर विकारातल्या अतिउत्साहाच्या, भरात माणूस मोठा खर्च करू शकतो, हे येथे सर्वांना ठाऊक आहे. परंतु दोन सह्यांचा नियम शुभार्थी आहे म्हणून लावू नये, तर प्रत्येक व्यवस्थापकाला लावावा. संस्थांतील अफरातफरीची जी प्रकरणे मी पाहिली, त्यांत मानसिक आजाराचा संबंध कोठेही नव्हता. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून पैसे घेणार असाल, तर हजेरी, अहवाल, छायाचित्रे हे सारे मागितले जाईल. छायाचित्रांना नकार द्यायचा असेल तर करार करतानाच द्या, पहिला हप्ता आल्यावर देऊ नका.

आजोळ :

मीही शुभार्थी आहे आणि तरीही कोरांटी यांच्या विरोधात आहे. माझे कारण येथे अजून कोणी मांडलेले नाही.

ज्याच्यासमोर मी मनातले सर्वांत लाजिरवाणे बोललो, त्यानेच उद्या मला हजेरीबद्दल विचारावे, माझी पाळी बदलावी किंवा मला तंबी द्यावी, हे मला नको आहे. पद आले की मैत्रीचा समतोल जातो. १९३५ पासून चालत आलेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या स्वमदत संघटनेने हा प्रश्न फार पूर्वी ओळखला. त्यांच्या परंपरेनुसार एकमेकांना दिलेली साथ कायम अव्यावसायिक, बिनपगारी राहते. कार्यालयीन कामासाठी मात्र माणसे नेमता येतात. आपणही भाडे, बिले, किल्ल्या, अहवाल यांसाठी बाहेरचा पगारी माणूस ठेवावा आणि गट पूर्णपणे आपल्यात राहू द्यावेत. अमेरिकेतील जॉर्जिया राज्याने १९९९ मध्ये शुभार्थी कार्यकर्त्यांच्या कामाला सरकारी आरोग्यविम्यातून मोबदला मिळवून दिला, याचे कौतुक होते. पण विमा आला की प्रत्येक भेटीची नोंद लिहावी लागते, आणि नोंद लिहिणाऱ्याजवळ मी मोकळेपणाने बोलणार नाही.

कोरांटी :

येथे आलेल्या आक्षेपांत मला हा सर्वांत वजनदार वाटतो. व्यवस्थापकाने स्वतः गट चालवू नये, आणि गटात बोललेले कोठेही लिहून ठेवू नये, या दोन गोष्टी, ठरावाऐवजी सभेपुढे ठेवायच्या नियमांचा जो मसुदा मी करते आहे, त्यात घालते. जॉर्जियाची वाट आपण घ्यावी असे मलाही वाटत नाही.

बाहेरच्या माणसाबद्दल मात्र इतिहास सावध करतो. न्यूयॉर्कचे फाउंटन हाउस हे रॉकलँड येथील सरकारी मनोरुग्णालयातून बाहेर पडलेल्या रुग्णांच्या गटातून जन्मले आणि १९४८ मध्ये त्याला स्वतःची वास्तू मिळाली. १९५५ मध्ये जॉन बिअर्ड हे समाजकार्यकर्ते संचालक झाले आणि त्यांच्या काळात जगभर गाजलेले क्लबहाउसचे प्रारूप घडले. त्यातून चांगले पुष्कळ निघाले, हे मी नाकारत नाही. परंतु रुग्णांनी स्वतःसाठी काढलेली संस्था तेव्हापासून सभासद आणि कर्मचारी यांची झाली. त्या प्रारूपातला एक नियम मला फार मोलाचा वाटतो : केंद्राविषयी निर्णय घेणारी कोणतीही बैठक केवळ कर्मचाऱ्यांची असू शकत नाही, सभासदांना तेथे बसता आलेच पाहिजे. कार्यालयीन माणूस नेमायचा असेल, तर तो या नियमाखाली आणि शुभार्थी व्यवस्थापकांच्या हाताखाली नेमावा.

आणि पगार दिलाच पाहिजे, पूर्ण दिला पाहिजे. शुभार्थींनी सेवाभावाने करावे आणि प्रशिक्षितांनी वेतनावर करावे, ही विभागणी मला मान्य नाही. सह्यवासी, तुमच्यासारखी प्रशिक्षित माणसे या देशात मुळातच इतकी कमी आहेत, की २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या विकारांसाठी उपचारांपासून वंचित राहिलेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के आढळले. अशा माणसाला आम्ही वीजबिलाच्या रांगेत कशासाठी उभे करावे?

सह्यवासी :

उत्तरांमुळे माझ्या भूमिकेचा काही भाग बदलला आहे, तो नोंदवतो. महिन्यातून दोन वेळा बाहेरील तज्ज्ञाने व्यवस्थापकांबरोबर बसून अवघड प्रसंगांची चर्चा करावी, संकटकाळचे नियम दरवर्षी तपासले जावेत, आणि औषधांविषयी केंद्राची भूमिका लेखी असावी, एवढे मान्य होत असेल, तर दैनंदिन व्यवस्थापन शुभार्थींकडे राहण्यास माझी हरकत नाही. नदीकाठ यांचे म्हणणेही मला पटले. प्रशिक्षण पदाला चिकटलेले असावे, पदवीला नव्हे.

परंतु आगाऊ लिहून दिलेल्या पत्रावर माझा भरवसा नाही. उन्मादाच्या सुरुवातीला माणसाला आपण कधी नव्हे इतके ठीक आहोत असे वाटते, आणि त्या वेळी जुने पत्र दाखवणाऱ्या सहकाऱ्याला तो शत्रू समजू शकतो. त्या दोघांची मैत्रीही कायमची तुटू शकते. म्हणून रजेवर पाठवण्याचा अंतिम अधिकार सहव्यवस्थापकाकडे न देता त्या बाहेरच्या तज्ज्ञाकडे द्यावा.

कोरांटी :

पहिल्या तिन्ही अटी मी मसुद्यात घेते; फक्त तो तज्ज्ञ सभासदांच्या सभेने निवडलेला असावा आणि सभेला त्याला बदलता यावे. दोन सह्या, घटनेतले कलम वगळणे आणि दीपमाळताईंची तिसरी किल्लीही घेते.

रजेचा अधिकार बाहेर देण्यास मी तयार नाही. महिन्यातून दोनदा येणाऱ्यापेक्षा रोज सोबत काम करणाऱ्याला बदल आधी दिसतो. एकट्यावर भार नको म्हणून निर्णय तिघांनी घ्यावा : सहव्यवस्थापक, सभासदांनी निवडलेला एक शुभार्थी, आणि व्यवस्थापकाने स्वतः पत्रात ज्याचे नाव लिहिले आहे ती व्यक्ती. तज्ज्ञाचा सल्ला त्यांनी घ्यावा, मत मात्र या तिघांचे असावे.

सह्यवासी :

तिघांपैकी एकही प्रशिक्षित नसेल, तर या एका कलमावर माझा विरोध कायम आहे, आणि सभासदांच्या सभेपुढे मसुदा जाईल तेव्हा तो त्यात नोंदवला जावा अशी माझी विनंती आहे.

कोरांटी :

नोंदवते. मसुद्याबरोबर आपले आक्षेपाचे टिपणही सर्व सभासदांना आधी वाचायला दिले जाईल.