सोमवारी दादाचं ऑपरेशन: घरच्या ग्रुपवर

वहिनी: ह्यांचं ऑपरेशन सोमवारी सकाळी नक्की झालं. प्रत्येकाला फोन करणं जमत नाहीये म्हणून इथंच लिहिते. उजवी किडनी काढणार आहेत. माझी किडनी बसवायची ती नंतर, जखम नीट भरल्यावर. दीड-दोन महिने धरून चाला म्हणालेत.

आत्या: अगं पण दोनदा फाडाफाडी कशाला? नवी बसवताना जुनी काढतातच ना?

वहिनी: नाही आत्या, एरवी जुन्या तशाच राहू देतात. नवी खाली ओटीपोटात, एका बाजूला बसवतात. पण ह्यांना पॉलिसिस्टिक आहे, म्हणजे किडनीत पाण्याच्या गाठी होत जातात. चांगली किडनी दीडशे ग्रॅमच्या आसपास असते, ह्यांची उजवी गाठींनी फुगून पार कमरेच्या हाडाखाली उतरलीय. नवीला जागाच नाही. त्यात गाठींमध्ये जंतुसंसर्ग होऊन वर्षात दोनदा ॲडमिट. पुढे प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या सुरू झाल्यावर तसं झालं तर निभावणं अवघड.

ताई: मग दोन्ही एकदमच का नाही काढत?

वहिनी: मीही हेच विचारलं. डावीतून अजून दिवसाला अर्धा लिटर लघवी होते. त्यामुळेच पाणी प्यायची थोडी मुभा आहे. दोन्ही गेल्या की घोट मोजून प्यायचे, हिमोग्लोबिनही आणखी खाली. म्हणून डावी ठेवतायत.

छोटू: वहिनी, रक्ताचं काय? आम्ही चौघं मित्र तयार आहोत.

वहिनी: भावजी, तुम्ही विचारलंत ह्यानेच धीर आला. पण दुसऱ्याचं रक्त शक्यतो चढवायचंच नाही असं ठरलंय. त्याने शरीरात अँटिबॉडी तयार होतात आणि आज जुळलेली माझी किडनी पुढच्या क्रॉसमॅचला, म्हणजे दोघांचं रक्त जुळतं का त्या तपासणीत, नाकारली जाऊ शकते. म्हणून तर लोहाची आणि हिमोग्लोबिनची इंजेक्शनं चालू आहेत. अगदीच वेळ आली तर पांढऱ्या पेशी गाळून काढलेलं रक्त देतील.

नानाकाका: आम्ही रविवारी येतो भेटायला. वाडीतली शहाळी आणतो.

वहिनी: काका, या नक्की, पण शहाळं नको. केळी, मोसंबी, कसला काढासुद्धा नको. पोटॅशियम चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, सोमवारी सकाळी तपासणीत जास्त आलं तर ऑपरेशन पुढे जाईल. रविवारी दुपारी डायलिसिस आहे, त्यामुळे सकाळीच या. आणि डाव्या हातात फिस्टुला आहे, म्हणजे डायलिसिससाठी जोडलेली रक्तवाहिनी, त्या हाताला धरून उठवू नका.

आत्या: मी नुसतीच येते बाई. बसते त्याच्याजवळ.

वहिनी: तेच हवंय त्यांना. दिवसभर ते तीन चेंडूंचं यंत्र घेऊन श्वास ओढत बसतात, बोलत नाहीत.

वहिनी: आणखी एक, कित्येक दिवस मनात आहे. हा आजार आनुवंशिक आहे. आई किंवा वडलांना असेल तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी. अण्णा बीपीने गेले असंच आपण धरलं, त्यांची सोनोग्राफी कधी झालीच नाही. तुम्ही सगळ्यांनी एकदा करून घ्या.

नानाकाका: हिचं लग्न ठरत आलंय. आत्ता पोरीला कुठे दवाखान्यात नेऊ? लोक काय म्हणतील?

वहिनी: तिला आत्ता नेऊच नका काका. आधी तुम्ही करा. हा आजार पिढी सोडून पुढे जात नाही. तुमच्या वयात किडन्या स्वच्छ निघाल्या तर तिच्याकडे आपल्या बाजूने तो येणारच नाही. तरुणपणी गाठी लहान असतात, कधीकधी दिसतही नाहीत, म्हणून तुमचाच रिपोर्ट जास्त कामाचा. ह्यांचं बीपी तिशीतच वाढलं होतं. तेव्हा कळलं असतं तर औषधं वेळेत सुरू झाली असती.

ताई: काका, मीही करतेय. वाटल्यास आपण दोघं बरोबर जाऊ.

नानाकाका: पोरीसाठी होत असेल तर उद्याच जातो. उपाशीपोटी लागतं का?

वहिनी: हो काका, पण लघवी रोखून धरायला सांगतात, साधं पाणी पिऊन जा. बीपीची गोळी चुकवू नका.